ढोल आणि दवाखाना

नाचण्या-गाण्याने माणूस निरोगी राहत असता, तर नंदुरबार हा महाराष्ट्रातला सर्वांत धडधाकट जिल्हा ठरला असता. होळीच्या दिवसांत अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या पाड्यांवर ढोल एकदा घुमू लागला की पहाटेपर्यंत थांबत नाही. ऊसतोडीहून परतलेला मजूर नाचतो, नोकरीनिमित्त बाहेर असलेला मास्तर नाचतो, त्याची म्हातारी आई नाचते आणि दहा वर्षांची पोरही नाचते. आणि याच जिल्ह्यात २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाला पाच वर्षांखालची सुमारे ५७ टक्के मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार इथे घराघरांत माहीत आहे. अडलेल्या बाईला बांबूच्या झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात छापून येतात. आपण त्या वाचतो आणि पान उलटतो.

तेव्हा कलेमुळे आरोग्य सुधारतं, हे वाक्य पुण्या-मुंबईच्या सभागृहात टाळ्या घेईल, पण अक्कलकुव्यातल्या मोलगीच्या बाजारात ते म्हणायचं तर जपून म्हणावं लागेल. मला ते म्हणायचंच आहे. फक्त कुठली कला, कुणाची, आणि आरोग्य म्हणजे त्यातलं नेमकं काय, याचा हिशेब आधी व्हायला हवा. हा हिशेब न करता कलेचे गोडवे गाणाऱ्यांनी कलेचंही नुकसान केलं आहे आणि आरोग्याचंही.

आधी दाव्याची बाजू पाहू, कारण ती पोकळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये डेझी फॅनकोर्ट आणि सिअर्शा फिन यांनी केलेला एक मोठा आढावा प्रसिद्ध केला. त्यात नऊशेहून अधिक प्रकाशनं तपासली होती. आजार टाळण्यापासून ते जडलेल्या आजारासोबत जगण्यापर्यंत कलांचा उपयोग होतो, असा त्याचा सूर होता. त्याच वर्षी फॅनकोर्ट आणि अँड्र्यू स्टेप्टो यांनी इंग्लंडमधल्या पन्नाशीपुढच्या ६,७१० माणसांचा चौदा वर्षांचा मागोवा मांडला. संग्रहालयं, नाटकं, मैफली यांना वर्षातून एक-दोनदा जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका कधीच न जाणाऱ्यांपेक्षा १४ टक्क्यांनी कमी दिसला. दर काही महिन्यांनी किंवा त्याहून जास्त वेळा जाणाऱ्यांत तो ३१ टक्क्यांनी कमी दिसला. आता तिकडचे काही डॉक्टर गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर गानवृंदाचा पत्ताही देतात. माँट्रियलमध्ये २०१८ पासून काही डॉक्टर रुग्णांना कलासंग्रहालयाची भेट लिहून देऊ लागले.

या आकड्यांवर पहिली शंका कुणालाही सुचेल. नाटकाला जातो कोण? ज्याच्या खिशात पैसे आहेत, पायांत बळ आहे आणि घरी पडून असलेलं दुखणं नाही, तोच. म्हणजे नाटकामुळे माणूस जगला की जगण्याइतका धट्टाकट्टा होता म्हणून नाटकाला गेला? संशोधकांनाही ही शंका होती. संपत्ती, शिक्षण, आधीचे आजार, हालचाल, एकटेपणा असं बरंच काही हिशेबात धरूनच त्यांनी वरचे आकडे काढले. त्याने फरक घटला, पण पुरता पुसला गेला नाही. तरीही हा निरीक्षणावर उभा असलेला अभ्यास आहे. त्यावरून कारण सिद्ध होत नाही, हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. आपल्याकडच्या उत्साही व्याख्यात्यांच्या भाषणात मात्र हे वाक्य गळून पडतं.

नंदुरबार इथेच कामाला येतं. इंग्लंडात कला आणि पैसा एकाच घरात राहतात. सातपुड्यात त्यांची फारकत आहे. २०११च्या जनगणनेप्रमाणे या जिल्ह्यात दर दहा माणसांमागे जवळपास सात आदिवासी आहेत: भिल्ल, पावरा, मावची, कोकणी. त्यांच्यात सर्वांत जास्त नाचतो तो सर्वांत गरीब. ज्याचं शेत उतारावरच्या खडकात आहे, जो दिवाळीनंतर बायकोपोरांसह गुजरातच्या उसात जातो, त्याच्या घरी ढोल असतो. पैशामुळे आरोग्य आणि पैशामुळेच कला, असं समीकरण इथे मांडताच येत नाही. मग एवढी कला असून मुलांची वजनं का भरत नाहीत? सरळ उत्तर आहे: वजन अन्नाने भरतं. आईला गरोदरपणात पोटभर मिळालं, बाळ वेळेवर जन्मलं, पाणी स्वच्छ असलं, अंगणवाडीचा आहार खरोखर पोचला, तर वजन भरतं. ढोलाने हिमोग्लोबिन वाढत नाही. २०२१च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या लाटेत, देशभर लोक श्वासासाठी तडफडत असताना नंदुरबारची लाज राखली ती तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी आधीच उभ्या करून ठेवलेल्या ऑक्सिजन प्रकल्पांनी. परंपरेने नव्हे.

हे इतकं ठणकावून सांगायचं कारण असं की आदिवासींच्या नाचाचा एक फार जुना गैरवापर चालत आला आहे. ‘ते कसे आनंदी असतात बघा, आपल्यासारखी त्यांना कटकट नाही,’ असं म्हणत शहरी माणूस डोंगर उतरतो, आणि त्या आनंदाच्या नावाखाली आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरची रिकामी खुर्ची माफ होऊन जाते. नाचणारा माणूस सुखीच असला पाहिजे, असं आपण परस्पर ठरवून टाकतो. हा समज आहे तोवर कला आणि आरोग्य यांवरचं कुठलंही बोलणं नंदुरबारला घातकच ठरेल.

तरीही ढोलाने काहीच होत नाही, असं मी म्हणणार नाही. काय होतं ते बघायला काठीला जावं लागेल. अक्कलकुवा तालुक्यातलं काठी हे जुन्या संस्थानाचं गाव. तिथल्या राजवाडी होळीची परंपरा १२४६ पासूनची सांगितली जाते. होळीचा दांडा म्हणजे सरळसोट उंच बांबू. तो दूरच्या जंगलातून वाजतगाजत आणतात. त्याच्यासाठीचा खड्डा कुदळीने खणत नाहीत, हातांनी उकरतात. एकाच्या हाताने ते काम होत नाही, म्हणून हात बदलत राहतात. होळी संध्याकाळी पेटत नाही. रात्रभर नाच होतो आणि पहाटे ती पेटते. तिच्या आधी भोंगऱ्या बाजार भरलेला असतो. नंतर एका गावची होळी झाली की दुसऱ्या गावची, असं कितीतरी दिवस चालतं.

यातल्या बुध्याकडे, म्हणजे सोंग घेऊन नाचणाऱ्याकडे, नीट पाहावं. अंगभर राखेचे पांढरे ठिपके आणि पट्टे, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला घुंगरांचा आणि वाळलेल्या दुधी भोपळ्यांचा पट्टा. पाऊल पडलं की भोपळे एकमेकांवर आपटून खुळखुळतात. त्यामुळे प्रत्येक नाचणारा स्वतःच एक वाद्य असतो. हे सोंग कुणीही उठून घेत नाही. नवस बोललेला असतो, आणि त्यासाठी आधी काही दिवस पालनी करावी लागते: पायांत वहाण नाही, खाटेवर झोपणं नाही, ब्रह्मचर्य. म्हणजे रात्रभर अंग हलवण्याआधी अनेक दिवस स्वतःला आवरायचं. घरात कुणाचं आजारपण उठलं, मूल झालं, पीक हाती लागलं, म्हणून हा नवस असतो. एका घरावर जे गुदरलं ते या नाचात सगळ्या गावासमोर मांडलं जातं आणि गाव ते सोबत नाचून मान्य करतं. शहरात आपलं दुखणं ऐकून घ्यायला माणसं तासावर पैसे मोजतात.

बायकांची रांग वेगळी. एकमेकींच्या कमरेत हात गुंफलेले, गाणं अर्ध्या रांगेने उचलायचं आणि उरलेल्या अर्ध्या रांगेने पुढे न्यायचं. अशा रांगेत ‘मला नाच येत नाही’ असं म्हणायला जागाच राहत नाही. शेजारणीच्या पावलावर आपलं पाऊल आपोआप पडतं. सोबतीच्या या हालचालीवर प्रयोग झाले आहेत. ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांना ब्रॉन्विन टार, रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कधी एका तालात, कधी वेगवेगळं नाचायला लावलं. नंतर रक्तदाब मोजायचा पट्टा दंडावर आवळत नेऊन कोण किती कळ सोसतं ते पाहिलं. एका तालात नाचलेल्यांनी जास्त सोसली आणि सोबत्यांशी आपली जवळीक वाढल्याचंही सांगितलं. अंग मेहनतीने थकलं म्हणून जो परिणाम होतो त्याच्याहून तालाचा परिणाम वेगळा मोजता आला, हे त्यातलं महत्त्वाचं. प्रयोगशाळेत मिनिटांत मोजलेली ही गोष्ट सातपुड्यात रात्रीच्या रात्री चालते.

इथे डॉक्टरची बाजू पुन्हा मध्ये घालतो. सिकलसेलच्या रुग्णाला अतिश्रम, शरीरातलं पाणी कमी होणं आणि गारठा या तिन्ही गोष्टी वेदनेच्या झटक्यात ढकलू शकतात. होळीची रात्र त्याला हे तिन्ही एकदम देऊ शकते. म्हणजे जो नाच एकाला बरं वाटायला लावतो तोच दुसऱ्याला दवाखान्यात पाठवू शकतो. ‘नाचू नकोस’ हे त्यावरचं उत्तर नाही. असं सांगणाऱ्या डॉक्टरचं कुणी ऐकणारही नाही. उत्तर साधं आहे: पाण्याचं टिपाड, अंगावर घ्यायला पांघरूण, मध्ये बसायची मुभा, आणि कुणाला सिकलसेल आहे हे आधीच तपासून ठेवणं.

आरोग्यावर गाण्याचा सर्वांत खोल परिणाम या मुलुखात कुठे झाला असं मला कुणी विचारलं, तर मी होळीच्या आधी आरतीचं नाव घेईन. १९३०च्या दशकात तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी भिल्लांना एकत्र बसवून आरती म्हणायला लावली. एकमेकांना मानाने ‘आप’ म्हणा, दारू सोडा, स्वच्छ राहा, असं सांगणं होतं. माणसं हजारोंनी जमली. १९३८ मध्ये महाराज गेले. नंतर त्यांचे भाऊ रामदास महाराजांनी ते काम पुढे नेलं. दारू वाईट हे सांगायला त्याआधीही माणसं होतीच, अधिकारी होते, मिशनरी होते. त्यांचं ऐकून दारू सोडायची म्हणजे एकट्याने सोडायची. संध्याकाळी सगळे प्यायला बसले की आपण कुठे बसायचं हा प्रश्न तसाच. आरतीने ती संध्याकाळ भरून काढली. व्यसनमुक्तीत आज काम करणारा कुणीही सांगेल की दारू सोडणं जमतं, रिकामी संध्याकाळ सोसणं जमत नाही. पुढे शहाद्यात अंबरसिंग महाराजांनी भजनी मंडळांतूनच माणसं जोडायला सुरुवात केली. १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली आणि त्या चळवळीतल्या बायकांनी गावोगावच्या दारूच्या भट्ट्या फोडल्या. मजुरी, जमीन, मार यांच्या लढाईत गाणं होतं. त्या लढाईला आरोग्याचं काम कुणी म्हटलं नाही, पण नवऱ्याची दारू सुटलेल्या घरात लेकरांच्या ताटात काय वाढलं गेलं असेल, याचा अंदाज करायला तज्ज्ञ लागत नाही.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून हेच वेगळ्या वाटेने शोधलं. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी उभं केलेलं हे केंद्र औषधांना कमी लेखत नाही, पण गाणं, नाच, हाताने काही घडवणं यांना तिथे दिनक्रमातच स्थान आहे. त्याच शहरात नर्तक हृषीकेश पवार पार्किन्सनच्या रुग्णांना नाच शिकवतात. ताठरलेलं पाऊल तालावर उचलायला मदत होते, हे तिथे रोज दिसतं. आजार बरा होत नाही. दिवस बरा जातो. मोठ्या शहरांना जे वर्ग लावून, फी भरून, नव्याने शिकावं लागतं आहे ते नंदुरबारच्या पाड्यावर जन्माबरोबर मिळतं. एवढीच श्रीमंती त्यांच्याकडे शिल्लक आहे, आणि आता तिलाही गळती लागली आहे.

गळती दोन ठिकाणी आहे. पहिली विस्थापनात. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा-धडगावची नर्मदाकाठची गावं गेली आणि माणसं तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर, सोमावल, रेवानगर, नर्मदानगर अशा वसाहतींत आली. जमिनीचे सात-बारे मोजले गेले, झाडं मोजली गेली, घरांचे वासे मोजले गेले. पण एका गावची माणसं दोन-तीन वसाहतींत विखुरली की तिथली होळी कुणाची, दांडा कोण आणणार, मान कुणाचा, याचा रकाना कुठल्याही पंचनाम्यात नव्हता. मागे राहिलेल्यांसाठी नर्मदेच्या पाण्यावर तरंगते दवाखाने आले, ते चांगलंच झालं. नर्मदा बचाओ आंदोलनाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जीवनशाळा काढल्या, तेव्हा धड्यांबरोबर मुलांच्या भाषेतली गाणी आणि नाच ठेवले. पुनर्वसन खात्याला जे सुचलं नाही ते या कुडाच्या शाळांना सुचलं.

दुसरी गळती स्टेजची आहे. जिल्ह्यात मंत्री आले की पारंपरिक नृत्य ठेवायचं, महोत्सव भरवायचा, पथकांना नंबर द्यायचे, दहा मिनिटांत आटपा म्हणायचं. रात्रभराचा नाच दहा मिनिटांत बसवला की त्यातला नवस जातो, पालनी जाते आणि म्हातारी जाते, कारण फोटोत ती शोभत नाही. राहतात एकसारख्या कपड्यांतली वीस तरुण मुलं-मुली. बाकीचं गाव खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवतं. याच मातीतले कवी आणि श्रमिक संघटनेचे कार्यकर्ते वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता गाजली. मंचावर कोण आणि खाली कोण, हा तिचा प्रश्न चळवळींना उद्देशून होता. आज तो सांस्कृतिक खात्याला विचारायला हवा.

इथे कुणी मला इंग्लंडच्या त्याच अभ्यासाची आठवण करून देईल: तिथे तर लोक नुसते बघायला जात होते, तरीही फायदा दिसला. खरं आहे. पण एकट्या राहणाऱ्या सत्तरीच्या बाईसाठी घराबाहेर पडून नाटकाला जाणं हेच माणसांत जाणं असतं. तिच्या आयुष्यात तेवढीच रांग उरलेली असते. जिथे अख्खं गाव नाचत होतं तिथे त्यातल्या नव्वद टक्के माणसांना खुर्चीवर बसवणं ही वजाबाकी आहे. प्रेक्षक होणं हे एकटेपणातून आलेल्याला वर चढवतं, नाचातून आलेल्याला खाली उतरवतं. कलेचा अंगाला लागणारा भाग सहभागात असतो, असं माझं ठाम मत आहे. इंग्लंडचे आकडेही या मताच्या आड येत नाहीत.

आरोग्य खात्यालाही कला आवडते, पण निरोप्या म्हणून. कलापथक येतं, क्षयरोगावर एक गीत, कुपोषणावर एक पथनाट्य, सिकलसेलवर एक, आणि गाडी पुढच्या गावाला. त्याला माझी हरकत नाही, माहिती पोचते. मात्र याच जिल्ह्यात रात्र रात्र चालणाऱ्या, लोकनाट्य करणाऱ्या सोंगाड्या पार्ट्या आहेत, रोडाली गीतं गाणारी माणसं आहेत. देहवाली, मावची, पावरीत बोलणाऱ्या बाईला तिच्या बोलीत हसवत हसवत लग्नाआधी रक्त तपासायला सांगणं त्यांना जितकं जमेल तितकं छापील संहिता पाठ केलेल्या पथकाला जमणार नाही. त्यांना बोलवा, मानधन वेळेवर द्या, आणि काय म्हणायचं ते त्यांच्यावर सोडा.

मागण्या मोठ्या नाहीत. हंगामभर गुजरातेत असलेली कुटुंबं होळीला हमखास परततात. तेव्हा भोंगऱ्या बाजारातच वजनकाटा, सिकलसेलची तपासणी आणि लसीकरण ठेवा. वर्षभर ज्यांच्यामागे धावावं लागतं ती माणसं स्वतःहून तिथे येतात. दर होळीला पाण्याच्या टाक्या आणि एक १०८ रुग्णवाहिका उभी ठेवा. आश्रमशाळांतल्या मुलांना होळीची सलग आठवडाभर सुटी द्या. दहावीची परीक्षा नेमकी त्याच सुमारास येते, तर मंडळाने या जिल्ह्यासाठी तारखांचा विचार करावा. महोत्सवाच्या मांडवावर होणारा खर्च गावागावांतल्या ढोलांच्या कातड्यावर आणि ढोल करणाऱ्यांवर करा. मुकादमांनी आणि साखर कारखान्यांनी होळीच्या रजेचे पैसे कापू नयेत. आणि या सगळ्याच्या आधी, पाड्यापर्यंत गाडी जाईल असा रस्ता आणि केंद्रावर रात्री थांबणारा डॉक्टर द्या. आदिवासी विकास आणि आरोग्य या दोन खात्यांकडे ही मागणी जिल्हा झाल्यापासून, म्हणजे १९९८ पासून पडून आहे.